एका शिताभोवतीचा घास

पळसदरीच्या धरणाखालच्या शेतांत त्या वर्षी कोलम असा दाटून पिकला होता, की वाऱ्यालाही त्यातून अंग चोरून जावे लागे. आणि नेमक्या त्याच वर्षी कर्जतच्या डॉक्टरांनी येसाजीचा भात बंद केला. रक्तात साखर वाढली होती. पायाच्या अंगठ्याची जखम सबंध पावसाळा भरली नव्हती.

येसाजीने डॉक्टरांचा शब्द काटेकोर पाळला. आठवडाभर त्याने भाताला स्पर्श केला नाही. तांदळाची भाकरी, तांदळाची घावने आणि सकाळचे पोहे एवढ्यावरच देह तगवला. पुन्हा तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. येसाजी मात्र मनापासून दुखावला. ताटात ज्याची वाफ निघते तो भात. भाकरीला भात म्हटल्याचे त्याच्या कुळात कुणी ऐकले नव्हते. तेव्हापासून त्याची बायको बायजा तांदळाच्या प्रत्येक अवतारावर पाळत ठेवू लागली.

पेच पडला तो नव्याच्या दिवशी. त्या घरात नवे तांदूळ शिजले की पहिला घास कर्त्याने खायचा, आणि त्याने तो गिळेपर्यंत इतरांनी शितालाही बोट लावायचे नाही. जो पहिला घास खाईल, त्याचा शब्द पुढच्या नव्यापर्यंत घरात चाले. मिशा काळ्या होत्या तेव्हापासून हा मान येसाजीचा होता. धाकटा भाऊ नामा तितकीच वर्षे दुसरा घास खात आला होता, आणि दुसऱ्या घासाची चव दरवर्षी त्याच्या चेहऱ्यावर उमटत असे.

"दादा, यंदा मी खातो," नामा मायेने म्हणाला. "तू नुसता बस."

"बसायला मी काय पाव्हना हाय?" येसाजी बायजाकडे वळला. "एक घास खाऊ दे गं."

"तुमचा एक घास ताटाच्या बुडाला जाऊन थांबतो."

"मंग एक शीत दे."

"शीत म्हंजे घास नाय," नामा म्हणाला. "घासानं तोंड भरलं पायजे. आपल्या बापाचा नेम हाय."

तो खरे बोलत होता, आणि याचेच येसाजीला सर्वाधिक दुःख झाले. त्या संध्याकाळी तो खळ्यावर भाताच्या राशीशेजारी बसून राहिला. रास सोन्याची होती आणि त्याच्यापुरती वाळूची.

बायजाने माथेरानला निरोप धाडला. तिचा भाऊ धाऊ तिथल्या एका हॉटेलात आचारी होता. साहेबी पदार्थांची नावे तो देवळातल्या घंटेसारखी वाजवून उच्चारी. नव्याच्या सकाळी तो पिशवी घेऊन हजर झाला.

"आमच्याकडं एक पारशी शेठानी येते. तिला हाच आजार," तो म्हणाला. "तिला मी मफिन करून देतो. मैदा नाय, साखर नाय. दाजी, तुमाला तसाच करतो. आत नव्या भाताचं एक शीत, भोवती दाने, बदाम, अक्रोड. तोंड भरंल, नेम राहील, तुमी पन राहाल."

नामाने पुष्कळ विचार केला. नेमात घास तोंडभर हवा होता आणि त्यात नवा भात हवा होता; उरलेला घास कशाचा असावा, याविषयी बाप काहीच बोलून गेला नव्हता.

धाऊने शेंगदाणे-बदामांचे बारीक कूट केले, त्यात अंडी फेटून घातली, चमचाभर ताक, चिमूटभर सोडा. पेरूच्या बारीक फोडी टाकल्या, आणि बायजाने उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली करवंदे. ते सारे तूप लावलेल्या वाट्यांत ओतले. एका वाटीत, मधोमध, करंगळीने एक शीत दाबले आणि खुणेसाठी वर अक्रोडाची अर्धी फोड ठेवली. मग पत्र्याच्या डब्यात वाळू पसरून वाट्या आत मांडल्या, झाकणावर निखारे ठेवले. घरभर असा वास पसरला, की चुलीवरचा नवा भातही क्षणभर परका वाटला.

झाकण उघडले तेव्हा सगळे मफिन टम्म फुगून वर आले होते. अक्रोड मात्र कुठेच नव्हता. तो पोटात बुडाला होता.

"कंच्यात हाय?" बायजाने विचारले.

धाऊने वाट्या फिरवून पाहिल्या. "माथेरानला आमी शीत घालत नाय," तो म्हणाला.

आता दुसऱ्या कुणी मफिनला हात लावणे शक्य नव्हते. शीत भलत्याच्या दाताखाली गेले, तर घर भलत्याच्या हाती जायचे. येसाजी पाटावर बसला आणि एकेक मफिन तोडून, आत पाहून, खाऊ लागला. कारण हाती घेतलेले अन्न टाकणेही नेमात नव्हते. पहिला त्याने आवडीने खाल्ला. दुसरा मानाने खाल्ला. तिसऱ्यापासून तो कर्तव्य म्हणून खाऊ लागला. दारापाशी सारे घर उपाशी उभे होते.

"घावलं?" नामा दर वेळी विचारी.

"नाय."

शेवटची वाटी उरली तेव्हा येसाजीचे पोट तुडुंब भरले होते. त्याने वाटीकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"जात नाय रं," तो हळूच म्हणाला.

नामाने वाटी उचलली. मफिन फोडला. अक्रोडाच्या कुशीत ते शीत होते, पांढरे, क्षुल्लक, सबंध घराएवढे. नामाने फोड तोंडाजवळ नेली.

त्याच वेळी दारामागून आवाज आले. एक सून म्हणत होती की मोठे पातेले तिचे. दुसरी म्हणत होती, ते तिने माहेरून आणले. "थांब, कर्तेच सांगतील आता," पहिली म्हणाली. "नव्याचा घास खाऊन होऊ दे. मंग तो बांधाचा वाद पन हाय, न् म्हशीचा बी."

नामाचा हात हवेतच थांबला. त्याने दाराकडे पाहिले, शिताकडे पाहिले आणि मग भावाच्या तोंडासमोर फोड धरली.

"घे दादा. तुझा मान हाय."

"माझा मान गळ्यापर्यंत आला हाय."

"गीळ म्हंतो ना."

येसाजीने डोळे मिटून घास घेतला, बराच वेळ चावला, आणि गिळला. तत्क्षणी आत पातेल्यांची झाकणे उघडली. नव्या भाताची वाफ ओटीवर आली, पावसाळाभर चिखलात वाकलेल्या पाठींचा वास घेऊन. नामा पानावर बसून घाईने दुसरा घास घेत होता. त्याच्या चेहऱ्यावर या वर्षी कमालीची शांतता होती.

येसाजीचे नाक त्या वाफेमागे आपोआप वळले. बायजाने त्याचे दोन्ही हात पाहिले. ते मांडीवर होते.

"वास तरी घेऊ दे गं," तो म्हणाला.

"घ्या," बायजा म्हणाली. "वासाचं डॉक्टर काय बोलला नाय. पन आदी पातेल्याचं सांगा."