वजनाचा कागद

बाविसाव्या पायरीवर ज्ञानदेवचा श्वास अडकला. शिडी अडतीस पायऱ्यांची, खांबाला लागून सरळ उभी, आणि तिच्या टोकाला क्रेनची केबिन. त्याने दोन्ही हातांनी लोखंड घट्ट धरलं, कपाळ पुढच्या पायरीला टेकवलं आणि मांड्यांची थरथर थांबायची वाट पाहिली. ती थांबेना. खाली पहिल्या पाळीची माणसं माना वर करून बघत होती.

“क्रेनवाल्याला चढवायला दुसरी क्रेन मागवा राव,” कुणीतरी म्हणालं. सगळी फौंड्री हसली.

फोरमन रंगराव हसला नाही. त्याने घड्याळ पाहिलं. “ज्ञानदेव, उतर खाली. वरून पडलास तर मला उत्तर द्यावं लागेल.”

उतरायला त्याला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. जमिनीवर पाय टेकताच तो त्या बोलणाऱ्याकडे गेला आणि त्याची कॉलर धरली. पण धाप इतकी लागली होती की शिवीसुद्धा बाहेर पडेना. थोडा वेळ त्याने नुसती कॉलरच धरून ठेवली. मग सोडली. त्या दिवशी त्याला सगळ्यात जास्त राग आला तो या गोष्टीचा.

ज्ञानदेव चव्वेचाळीस वर्षांचा होता. पंधरा वर्षांपूर्वी तो ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन खळ्यावरून घरापर्यंत न टेकता जायचा. मग भावकीची सगळी जमीन एमआयडीसीत गेली आणि घरटी एक नोकरी मिळाली. क्रेन चालवायला शिकला तेव्हा भावकीला त्याचा हेवा वाटला होता. वर पंखा, खाली सगळी फौंड्री, आणि काम म्हणजे दोन दांडे मागेपुढे करायचे. ओव्हरटाइम धरून बारा बारा तास तो तिथे बसायचा. लघवीखेरीज खाली उतरायचा नाही. कॅन्टीनचा पोरगेलासा वाढपी दोरीला किटली आणि भज्यांचा पुडा बांधायचा, ज्ञानदेव वर ओढून घ्यायचा. दिवसाला दहा कप चहा. बारा वर्षांत त्याचं अंग असं भरत गेलं की त्याला स्वतःला ते कळलं नाही. कळलं ते त्या शिडीवर.

कंपनीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. एकशे चार किलो.

“तुम्हा गाववाल्यांचं हे असंच,” डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. “जमिनीचे पैसे आले, ते अंगाला लागले. आता तोंड आवरा. एक भाकरी, उकडलेली भाजी. डाळ नको, उसळ नको, अंडी-मटण तर नाहीच. वजन नव्वदच्या आसपास आल्याशिवाय क्रेनवर जायचं नाही.”

“अन् काम कंचं करू?”

“बसून करायचं काहीतरी देतील.”

डॉक्टरांनी त्याच्या अंगाला हात लावला नाही. गुडघे पाहिले नाहीत, काय खातोस म्हणून विचारलं नाही. ज्ञानदेव कागद घेऊन बाहेर आला तेव्हा दारातल्या टेबलापाशी ड्रेसर भीमराज बँडेजं गुंडाळत होता. त्याने कागदाकडे पाहिलं, ज्ञानदेवकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

स्टोअरच्या दारात स्टुलावर बसून चिठ्ठ्या फाडायचं काम ज्ञानदेवला मिळालं. घरी त्याची बायको विमलबाई एक भाकरी आणि उकडलेला दुधी पुढे ठेवायची.

“एवढ्यावर मानूस जगतंय व्हय?” ती म्हणायची.

“वाढू नगं म्हनलं ना.”

तीन महिने त्याने हट्टाने काढले. पोटात आग, डोक्यात त्याहून मोठी. तोंडाला तोंड लागलं की भांडण व्हायचं. चेहरा उतरला, दंडांची कातडी लोंबू लागली, पँटला दोरी बांधावी लागली. भेटेल तो म्हणे, वा, बारीक झालास. काटा एक्क्याण्णववर आला तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसले आणि त्यांनी ‘फिट’ लिहिलेला कागद दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानदेव शिडीपाशी गेला. दहा पायऱ्या बऱ्या गेल्या. चौदाव्या पायरीवर उजवा हात उघडला. त्याने उघडला नाही, आपोआप उघडला. डाव्या हातावर तो क्षणभर लोंबकळला, मग छातीने शिडी कवटाळून तसाच राहिला. दोन माणसांनी वर चढून त्याचे पाय एकेका पायरीवर ठेवत त्याला उतरवलं. या वेळी कुणी हसलं नाही. पूर्वी तो एकशे चार किलोचा असताना बावीस पायऱ्या चढला होता, आणि आता तेरा किलो उतरवून चौदा.

तो तसाच दवाखान्यात गेला. “वजन उतरलं. मग माजी ताकद कुटं गेली?”

“वय झालं,” डॉक्टर म्हणाले. “पुढचा पेशंट.”

सुट्टी झाल्यावर सायकल स्टँडवर भीमराज त्याची वाट पाहत उभा होता. सडपातळ, चाळिशीचा माणूस. कंपनीत लागण्याआधी त्याने लष्करी इस्पितळात ऑर्डर्ली म्हणून नोकरी केली होती. लढाईत पाय गेलेल्या जवानांना त्याने आपल्या खांद्याचा आधार देऊन चालवलं होतं.

“दादा, बोलू का?” तो म्हणाला. “तुमची चरबी थोडी गेली, पण तिच्याबरोबर मांसही गेलंय. माणूस उपाशी राहिला आणि बसून राहिला की शरीर स्वतःचं मांस खातं. आमच्याकडं पडून राहिलेले जवान असेच व्हायचे. जाड असो की बारीक, बळ मांसात असतं.”

“मग आता रं?”

“खायचं. पण बळ येईल असं. डाळ, मटकी, हरभरा, दही, रोज दोन अंडी. भाकरी दोन चालतील. चहा दोन कप, भजी बंद. आणि जे काम जमत नाही तेच थोडं थोडं करायचं.”

“हे तू डाक्टरला का सांगत न्हाईस?”

“एकदा सांगितलं होतं.” भीमराजने सायकलचं कुलूप काढलं. “म्हणाले, तू पट्ट्या बांध.”

त्या रविवारी भीमराज घरी आला. विमलबाईने त्याला पाणी अंगणातच नेऊन दिलं. ज्ञानदेवला ते दिसलं. भीमराजने उभ्यानेच पाणी पिऊन तांब्या अंगणातल्या दगडावर ठेवला. त्याने ज्ञानदेवला ओट्यावर बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. ज्ञानदेव पाचदा उठला, सहाव्या वेळी धपकन बसला.

“आजचे पाच. परवा सहा. मधला दिवस विश्रांती, मांस त्या दिवशी भरतं.”

“आन् हाताला?”

“विहीर आहे ना? शेंदा पाणी. दोन्ही हातांत बादल्या घेऊन चालायचं. आधी अर्ध्या, मग भरलेल्या.”

गावठाणातली विहीर बायकांची. पुरुष पाणी शेंदताना पाहून त्या तोंडाला पदर लावायच्या. ज्ञानदेवच्या कानशिलाशी रक्त चढायचं. तो दोर असा हिसडायचा की पोहरा दगडांवर आपटायचा.

“रागात दम कोंडू नका,” भीमराज सांगायचा. “ओढताना श्वास सोडा. राग राहू द्या, तो कामाचा आहे.”

पहिला महिना काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात ओट्यावरून उठणं वीसवर गेलं. मग भीमराजने ओट्याऐवजी पाट दिला, नंतर छातीशी वाळूची पिशवी. ज्ञानदेव घरातल्या माळ्याच्या शिडीवर चढउतार करू लागला. चौथ्या महिन्यात भरलेल्या दोन बादल्या घेऊन तो विहिरीपासून घरापर्यंत न टेकता आला. विमलबाई दारातून बघत होती.

“खांदं पयल्यावानी दिसाया लागलं,” ती म्हणाली आणि आत गेली.

काटा मात्र त्र्याण्णव सांगत होता. डॉक्टर म्हणाले, “पुन्हा चरायला लागलात. मागचा कागद रद्द.”

“सायब, शिडी चढून दावतो. काटा नगा बघू.”

“मला शिकवू नका.”

ज्ञानदेवने टेबलाची कड इतकी आवळली की शाईची बाटली हलली. भीमराज दारात आला आणि त्याच्या पाठीला हलकेच हात लावून त्याला बाहेर घेऊन गेला.

त्यानंतर आठवड्याने दुपारी क्रेनवरच्या नव्या ऑपरेटरला ताप भरला आणि तो घरी गेला. साच्यातून निघालेला मोठा ओतीव भाग साखळीला अर्धवट लटकत होता, खालचं सगळं काम थांबलं होतं. रंगराव इकडून तिकडे फिरत होता. ज्ञानदेव स्टुलावरून उठून त्याच्यापुढे गेला.

“म्या जातो.”

“तुझ्याकडं कागद नाही.”

“कागद चढनार हाय का?”

रंगरावने लटकत्या लोखंडाकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. ज्ञानदेव चढू लागला. चौदावी पायरी गेली, बाविसावी गेली. पायऱ्या मोजायचं त्याने मध्येच सोडून दिलं. मांड्या तापल्या, पण थरथरल्या नाहीत. केबिनमध्ये बसून त्याने दांडे धरले आणि तो भाग अलगद जागेवर ठेवला. पाळी संपेपर्यंत त्याने काम केलं.

मॅनेजरने दुसऱ्या दिवशी ज्ञानदेव आणि डॉक्टर दोघांना समोर बोलावलं. रंगरावने ज्ञानदेवची बाजू घेतली. डॉक्टरांनी नाखुशीने नवा कागद लिहिला आणि मान वर न करता विचारलं, “कुणाचं औषध घेतलं?”

गप्प बसता आलं असतं. पण सात महिन्यांचं सगळं ज्ञानदेवच्या तोंडाशी आलं होतं. “औशिद न्हाई. तुमच्या ड्रेसरनं माजं अंग सुधारलं. भीमराजला तुमच्यापरीस जास्त कळतंय. तुमी मला उपाशी मारलं.”

बाहेर पडताना त्याला फार मोकळं वाटलं.

त्याच आठवड्यात भीमराजची बदली झाली. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय कामगारांना औषधोपचार सांगितल्याबद्दल त्याला दवाखान्यातून काढून स्क्रॅप यार्डात टाकलं. ज्ञानदेवला ते वरून दिसलं. पत्र्यांच्या ढिगाशी वाकलेला एक सडपातळ माणूस. दुपारी तो उतरून यार्डात गेला.

भीमराजच्या पंज्याला चिंधी बांधलेली होती. पत्र्याने कापलं होतं.

“माज्यामुळं झालं,” ज्ञानदेव म्हणाला.

“हो,” भीमराज म्हणाला.

“रागात बोलून गेलो.”

“तुमचा राग तुमच्या कामी आला, दादा. तुम्ही ओरडलात, तरी तुम्हाला क्रेन मिळाली. मी नुसतं बरोबर सांगितलं तर हे मिळालं.” त्याने पत्रा उचलून गाडीत फेकला. “मी आता माझा राग कुठं ठेवू, ते सांगा.”

ज्ञानदेव वाकून पुढच्या पत्र्याचं एक टोक धरू लागला, तेव्हा भीमराज म्हणाला, “राहू द्या. भोंगा होईल, तुम्हाला वर जायचंय.”

क्रेनवाले जेवायला खाली उतरत नसत, डबा वरच उघडत. दुसऱ्या दिवसापासून ज्ञानदेव जेवणाच्या सुट्टीत उतरू लागला. मॅनेजरच्या ऑफिसच्या दारात जाऊन शिपायाला म्हणायचा, “सायबांना भेटायचंय. भीमराज ड्रेसरचं.”

“साहेब मीटिंगमध्ये आहेत.”

तो बाकावर बसायचा नाही. भोंगा होईपर्यंत उभा राहायचा आणि मग परत जायचा. पंधरा दिवसांनी शिपाई वैतागून म्हणाला, “रोज इतक्या पायऱ्या उतरून येता नि चढून जाता. साहेब काही भेटणार नाहीत हो.”

“बरं,” ज्ञानदेव म्हणाला. “उद्या येतो.”