कॅमेऱ्यातला तास

घड्याळजीच्या एकुलत्या मुलाचं लग्न झालं आणि त्या लग्नाला मुलाच्या सख्ख्या आत्यालाच बोलावणं गेलं नाही, त्या वर्षाची ही गोष्ट. नवी सून एका कचेरीत जुनी कागदपत्रं कॉम्प्युटरवर लावायचं काम करायची. सुट्टीच्या एका सकाळी तिने घरातले जुने फोटो लावायला घेतले.

"बाबा, हा कॅमेरा खोटारडा आहे," ती म्हणाली. "उन्हाळ्यातले फोटो वेळेवर, हिवाळ्यातले सगळे तासभर पुढे."

घड्याळजी खिडकीशी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसला होता. "कॅमेऱ्याला कसली आलीय वेळ?"

"त्याच्या आत घड्याळ असतं ना. फोटोच्या फायलीवर वेळ तेच टाकतं. या देशाच्या नियमाने थंडीत आपण सगळी घड्याळं तासभर मागे घेतो, याचं कुणी घेतलंच नाही."

मुलगा खाली बघत म्हणाला, "घरातल्या घड्याळाला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतं."

खरंच होतं. लहानपणी त्याने एकदा भिंतीवरच्या घड्याळाचा काटा उलटा फिरवला, तेव्हा असा सणसणीत धपाटा बसला होता की पुन्हा नाव काढलं नाही. आणि कॅमेरा हे घड्याळ आहे, हे खुद्द घड्याळजीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणजे घड्याळजीच्याच घरात..." सून हसली आणि थांबली. सासऱ्याने भिंग काढून ठेवलं होतं.

"माझी आई गेली त्या दिवसाचे आहेत त्यात?"

अकरा वर्षांपूर्वी, घड्याळं मागे घ्यायच्या रविवारीच आई गेली. घड्याळजीच्या कामाचा तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. ठोक्याच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवले तर ठोके चुकतात. म्हणून लंबक धरून थांबवायचा, तासभर जाऊ द्यायचा, मग सोडायचा. गावभर हेच करत तो हिंडत होता. आईजवळ त्याची थोरली बहीण, ताई होती. दुपारी ती अर्धा तास शाळेत जाऊन आली, कारण घड्याळजीच्या मुलाने प्रदर्शनात काहीतरी मांडलं होतं, त्याला आई नव्हती आणि घरचं दुसरं कुणी जाणार नव्हतं. पावणेचारला मी परतले, चार वाजून पाच मिनिटांनी आईने माझ्या मांडीवर प्राण सोडला, असं ताईने सगळ्यांना सांगितलं.

मग मुलाच्या कॅमेऱ्यातला फोटो निघाला. शाळेच्या सभागृहात ताई हसतेय, वेळ चार वीस. घड्याळजीने तो भरल्या घरात सगळ्यांपुढे धरला. "आई एकटी गेली आणि तू इथे दात काढत होतीस. वर खोटं बोलतेस?" ताई म्हणाली, "मी तिथे होते." दुसऱ्यांदा म्हणाली नाही. पिशवी उचलून गेली.

"हा बघा चार वीसचा," सून म्हणाली. "आणि हा तीन मिनिटांनंतरचा. मागे भिंतीवर घड्याळ दिसतंय. फाइल म्हणते चार तेवीस, भिंत म्हणते तीन तेवीस."

त्या घड्याळाचा लंबक घड्याळजीने त्याच सकाळी स्टुलावर चढून थांबवला होता आणि नऊच्या ठोक्याला स्वतः सोडला होता. ते चुकणं शक्य नव्हतं.

त्याने फोन लावला.

"ताई, मी बोलतोय."

"बोल. आवाज विसरले नाही अजून."

त्याने सगळं सांगितलं, कॅमेरा, तास, भिंतीवरचं घड्याळ. ताईने ऐकून घेतलं.

"झालं सांगून? म्हणजे चुकलं कुणाचं, कॅमेऱ्याचं?"

"माझं."

"मी सांगितलं तेव्हा तुला पटलं नाही. आज शाळेच्या घड्याळाने सांगितल्यावर पटलं. म्हणजे विश्वास तुझा अजून घड्याळावरच आहे, माझ्यावर नाही."

"मी येतो भेटायला."

"नको. हे शोधलं कुणी?"

"सुनेने."

"तिला म्हणावं, जोडीने येऊन जा. तू येऊ नकोस." तिने फोन ठेवला.

दुपारी सुनेने हिवाळ्यातले चारशे बारा फोटो एका दमात तासभर मागे घेतले. काम मिनिटभराचंही नव्हतं. घड्याळजी मागे उभा राहून बघत होता.

"आधीची वेळ राहते का कुठे?"

"नाही बाबा, पुसली गेली."

मुलगा आणि सून दोनदा आत्याकडे जाऊन आले. दोन्ही वेळा घड्याळजीने त्यांच्याबरोबर काही द्यावं म्हणून दुकानभर शोधलं, आणि घड्याळांखेरीज त्याच्याकडे काही नव्हतं. ती कशी आहे हे त्याने विचारलं नाही. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही, कारण आत्यानेच सांगू नका म्हटलं होतं.

ताई त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, मंगळवारी, दवाखान्यात वारली. भावाला तिच्या मुलीने गुरुवारी कळवलं.