गिधाडकड्यावरचा लेख

मांजरेच्या काठी, लातूरहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, एक काळा कडा होता. वरच्या कपारींत गिधाडं राहत म्हणून त्याला गिधाडकडा म्हणायचे. कडा आणि त्यामागचं सगळं रान निजाम सरकारच्या शिकारगाहीत, म्हणजे राखीव शिकारीच्या रानात, मोडे. परवान्याशिवाय तिथं वाळली काटकीही उचलता येत नसे. विरूपाक्षाला मात्र कुणी अडवलं नाही. त्याचं आजोळ त्याच काठावरचं, आणि रानाचा राखणदार मलप्पा त्याच्या मामाच्या शेजारचा.

विरूपाक्षाचं लातुरात दोरांचं दुकान होतं. मोटेचे जाड नाडे, बैलांचे कासरे, सुतळी. तिशी उलटली, दोन लेकरं झाली, तरी सुगी सरली की एखाद्या दिवशी दुकानाला कुलूप घालून तो कड्यावर जायचा, चढायचा आणि उतरायचा. मध नाही, औषधी मुळ्या नाहीत, काही आणायचा नाही. बायको गुरम्मा विचारी, "काय हाय तितं वर?" तो म्हणे, "काई न्हाई," आणि जेवायला बसे.

फसली सन तेराशे सत्तेचाळीसच्या, म्हणजे इसवी एकोणीसशे सदतीसच्या हिवाळ्यात वसंतराव मास्तर दुकानात आले. मास्तर सरकारी शाळेत इतिहास शिकवत. वय पन्नाशीपुढं, अंगानं काटकुळे, नाकावर जाड चष्मा. विरूपाक्ष त्यांच्या हाताखाली चार इयत्ता शिकला होता. नदीच्या पल्याडून दुर्बिणीतून मास्तरांना कड्याच्या मध्यावर चार ओळींचा शिलालेख दिसला होता. तीन वर्षं बघून बघून त्यांनी तो लावलाही होता: कुण्या राजानं नदी ओलांडायच्या उतारासाठी दिलेलं दान. त्यावर लिहिलेला निबंध हैदराबादच्या एका संशोधक मंडळाकडं गेला होता, आणि मंडळानं लेखाचा ठसा मागवला होता.

"तुझ्याशिवाय तिथं पोचणार कोण?" मास्तर म्हणाले. "परवाना मी काढलाय."

विरूपाक्षानं ठसा कसा घ्यायचा ते शिकून घेतलं आणि सोमवारी दोघं गेले. खालचा भाग पायऱ्यांसारखा होता. मग कड्याचं पोट पुढं आलं. तिथं एका चिरेत मूठ अडकवून अंग वर ओढावं लागे. पोटाच्या वर उंबऱ्याएवढा रुंद टप्पा होता, आणि टप्प्यासमोर ती जागा. विरूपाक्ष तिथं उभा राहिला आणि दगडाकडं बघत राहिला. आडव्या भेगा होत्या. भेगांवर दगडफूल चढलं होतं, आणि त्यावरून गिधाडांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ उतरले होते. आजवर तो कितीदा तरी इथून वर गेला होता, पण वाचायला म्हणून कधी थांबला नव्हता. तरी सांगितल्याप्रमाणे त्यानं ओला कागद चिकटवला, कुंचल्यानं ठोकला, शाई फिरवली आणि कागद सुकल्यावर कमरेला बांधून उतरला.

मास्तरांनी कागद गवतावर पसरला. त्यांचं बोट भेगांवरून फिरू लागलं. "हे बघ, श्री. आणि हा द."

"मास्तर, तितं अक्षरं न्हाईत."

"तुला जुनी लिपी येते?"

"लिपी न्हाई येत. पन छिन्नीचा घाव कळतो की. मामाच्या गावात पाथरवट हायत. तितं हत्यार लागलंच न्हाई."

मास्तरांनी कागद उचलला. कागदाची सुरळी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. मग म्हणाले, "मला वर ने."

राखणदार मलप्पा तिथंच उभा होता, तो मध्ये पडला. "मास्तर, तुमी पडलात तर साहेब मला इचारतील. परवान्यात चढायचं लिवलंय का?"

"मुआयना लिहिलंय, म्हणजे तपासणी," मास्तर म्हणाले. "मुआयना हातानंही होतो."

पुढच्या सोमवारी विरूपाक्षानं गाडीत वर्षभर विहिरीवर चाललेला नाडा घातला. नव्या दोराला पीळ असतो, तो आयत्या वेळी गाठ मारतो. आधी तो स्वतः टप्प्यावर गेला. तिथं चिरेतून पिंपळाचं मूळ बाहेर आलेलं होतं. त्याला आणि स्वतःच्या कमरेला वेढा देऊन त्यानं दुसरं टोक खाली सोडलं. मास्तर ते टोक कमरेला बांधून, धोतर वर खोचून, चष्मा सुतळीनं डोक्याला बांधून निघाले. पोटाखाली येईपर्यंत ठीक आले. तिथं थांबले ते थांबलेच.

"विरूपाक्षा, पाय थरथरून राहिलाय माझा."

"टाच खाली सोडा. टाच वर ऱ्हायली की पाय कापतो."

"खाली सोडली तर मी घसरेन."

"घसरलात तर मी हाय. सोडा टाच."

मास्तरांनी टाच सोडली. पाय हळूहळू ठरला. मूठ चिरेत घातली, कण्हले, आणि नाड्यानं ओढून घेतल्यावर टप्प्यावर आले. हाताची सालटी निघाली होती. श्वास जागेवर आल्यावर ते दगडाकडं वळले. आधी डोळ्यांनी बघितलं, मग चष्मा कपाळावर सारून बोटांनी. पहिली ओळ, दुसरी, चारही. विरूपाक्ष दोर धरून उभा होता.

"काहीच नाही रे," मास्तर म्हणाले.

"न्हाई."

"तीन वर्षं मी हे वाचलं."

विरूपाक्षानं मुळाभोवतीचा वेढा ओढून बघितला. मग तो म्हणाला, "ऊन चढाय लागलं. दगड तापंल, आता उतरावं." मास्तर पलीकडच्या काठाकडं बघत होते. जिच्याखाली बसून ते दुर्बीण लावायचे ती बाभूळ तिथून हिरव्या ठिपक्याएवढी दिसत होती. मग ते वळले. नाड्यावर भार टाकून ते बिनबोभाट उतरले. खाली मलप्पानं तांब्याभर पाणी दिलं.

त्याच आठवड्यात मास्तरांनी मंडळाला लिहून निबंध परत मागवला. उत्तर आलं की ठशाची वाट न बघता अंक छापून झाला आहे, दुरुस्ती पुढच्या अंकात घालू. दुरुस्ती आली ती दोन ओळींची, शेवटच्या पानावर. तोवर छापील निबंध शाळेत सगळ्यांनी वाचला होता. शिक्षकांच्या खोलीत काही दिवस कुजबूज चालली. मास्तरांनी स्वतःच दुरुस्तीचं पान उघडून टेबलावर ठेवलं, तेव्हा ती थांबली.

संक्रांतीनंतर ते दुकानात आले. विरूपाक्ष कासरे मोजत होता.

"सोमवारी जाणार आहेस का?"

"जाईन म्हंतो. का बरं?"

"कड्याच्या त्या पोटाशी मी उजवा पाय आधी टाकला. डावा टाकायला हवा होता असं वाटून राहिलं."

विरूपाक्षानं मनाशी तो चढ करून बघितला. "डावाच," तो म्हणाला. "भाकर बांधून आना. पहाटंच निघू."

त्या वर्षी ते तीनदा गेले. दुसऱ्या खेपेला मास्तर नाड्याला न लोंबकळता पोटावरून वर गेले. तिसऱ्या खेपेला घसरले, गुडघा फुटला, आणि पंधरा दिवस शाळेत लंगडत होते.