गोड आवाजाचं पॅकेज

भांडारपालांना कारखान्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण डोक्यातलं भांडार काही बंद झालं नव्हतं. सहा महिने कोणी हात लावला नाही अशी वस्तू घरात दिसली की ती बाहेर गेलीच म्हणून समजा. या नियमाने बायकोची छत्री गेली, पाहुण्यांच्या गाद्या गेल्या, आणि एकदा तर घरमालकाची शिडीही भंगारात गेली.

अशा माणसाच्या हाती भाचीने लिनक्स दिलं. जुना संगणक, त्यात नवी यंत्रणा, आणि शेवटी दिलेली एकच सूचना: "मामा, इथे पॅकेजेसची, म्हणजे आतल्या छोट्या-मोठ्या प्रोग्रॅमची, यादी आहे. हवं ते घाला, नको ते काढा." भांडारपालांनी यादी उघडली तर आत दोन हजारांच्या वर माल. नावं अशी, की निम्मी वाचताच येईनात. एवढा अनोळखी माल आपल्या घरात पडून आहे, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

संगणक खरं तर बायकोसाठी होता. ती सव्वीस वर्षं एका छापखान्यासाठी औषधांचे कागद तपासत आली होती. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा तो कागद आपण कोणी वाचत नाही; ती वाचायची. दोन वर्षांपासून तिची नजर अधू होत चालली, आणि गेल्या हिवाळ्यात कागद हातातून सुटला तो सुटलाच. पण आता कागद संगणकावर येणार होता आणि संगणक तो तिला वाचून दाखवणार होता. छापखान्याचा मुख्य तयार झाला, तोही नाइलाजाने. म्हणाला, "बाई, मंगळवारी सकाळी दहा कागद पाठवतो. त्यात आम्ही मुद्दाम चुका घातल्यात. किती, ते सांगणार नाही. दुपारी चारच्या आत सगळ्या सापडल्या तर काम तुमचं. एक जरी सुटली, तरी माझा नाइलाज आहे."

काम गेलं असतं तरी चूल बंद पडली नसती, पण ती बाई बंद पडली असती. हे भांडारपालांना कळत होतं. म्हणूनच तर त्यांनी घोळ घातला.

संगणकाचा तो वाचणारा आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा ओढावा तसा. बायकोने त्याचं नाव खरखऱ्या ठेवलं होतं. आठवडाभर ती त्याला भन्नाट वेगाने पळवत सराव करत होती, आणि भांडारपाल दुसऱ्या खोलीत कानांवर हात ठेवून बसत होते. आपल्या बायकोशी दिवसभर कोणी असं कर्कश बोलावं, हे त्यांना सहन होईना. सोमवारी ती बहिणीकडे गेली तेव्हा त्यांनी शोधून शोधून एक गोड आवाजाचं पॅकेज घातलं. मग खरखऱ्याला काढलं. हात लागलाच आहे तर म्हणून आणखी सोळा पॅकेजेस काढली. दर वेळी संगणक विचारायचा, "यासोबत हेही जाईल, चालेल?" दर वेळी त्यांनी 'चालेल' दाबलं. रात्री ते अगदी समाधानाने झोपले.

मंगळवारी कागद आले. बायकोने कळ दाबली आणि एक सुरेल बाई बोलू लागली.

"अहो, ही कोण?"

"तुझ्यासाठी आणली," भांडारपाल लाजत म्हणाले.

बायकोने नवऱ्याचं मन मोडलं नाही. ऐकू लागली. पण सुरेल बाईला कसली घाई नव्हती. या चालीने दहा कागदांना दोन दिवस लागले असते. वेग वाढवला, तर बाई शब्दांवरून घसरू लागली. तिसऱ्या ओळीत बायको थबकली. तिने तीच ओळ एकेक अक्षर सुटं करून ऐकली. शून्य, टिंब, पाच. बाईने नुसतं 'पाच' म्हटलं होतं.

"हिने टिंब गिळलं," ती म्हणाली. "लहान मुलाच्या औषधातलं टिंब! ही असली उपयोगाची नाही. खरखऱ्याला बोलवा."

"तो... मी काढला."

तिने फक्त किती वाजले ते विचारलं. ती ओरडली असती तर भांडारपालांना बरं वाटलं असतं.

घड्याळात अकरा वाजले होते. भांडारपाल यादीत शिरले. 'आवाज' म्हणून शोधलं तर साठ पॅकेजेस निघाली, सगळी एकाच घरातल्या भावंडांसारखी. पहिलं घातलं, ते परक्या भाषेत बोललं. दुसरं गाण्यांचं निघालं. तिसरं घातल्यावर संगणक मुकाच झाला. शेवटी त्यांनी भाचीला फोन लावला.

"मी मीटिंगमध्ये आहे," ती कुजबुजली. "मामा, काय काढलंत त्याचा इतिहास असतो तिथे. तो उघडा. पण तुम्ही मामीला विचारलं नव्हतं?"

"तिला पॅकेजमधलं काय कळतं?"

"तिला कामातलं कळतं ना! आधी काम बघायचं, मग पॅकेज." आणि तिने फोन ठेवला.

बायकोने ऐकलं होतं. "कारखान्यात मागणीपत्र आल्याशिवाय साधा खिळा बाहेर दिला नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "मी काय मागितलं होतं?"

भांडारपालांनी इतिहास उघडला आणि खरखऱ्याला परत आणला. बारा वाजून दहा मिनिटांनी पत्रा पुन्हा खरवडला जाऊ लागला. या वेळी भांडारपाल दुसऱ्या खोलीत गेले नाहीत. पावणेचार तास ते तिच्या शेजारी बसले आणि ती सांगेल त्या चुका लिहून घेत गेले. शेवटी शेवटी त्यांनाही टिंब ऐकू येऊ लागलं.

चारला पाच कमी असताना त्यांनी चौदा चुका पाठवल्या. साडेपाचला मुख्याचा फोन आला. "चौदाच घातल्या होत्या," तो म्हणाला. "उद्यापासून नेहमीचे कागद पाठवतो, बाई."

फोन ठेवून ती रडली. खूप नाही, पदराने पुसता येईल इतकं.

भांडारपालांना आता सगळ्याच पापाचं परिमार्जन करायचं होतं. "बाकीची सोळा पण बघून टाकू. मी वाचतो, तू सांग."

एकेक नाव ते वाचत गेले. हे नको, हे राहू द्या, हे कसलं आहे ते मलाही माहीत नाही, असं चाललं होतं. बाराव्या नावाशी ते अडखळले.

"वाचा ना."

"हे... पडद्यावरची अक्षरं मोठी करून दाखवणारं आहे."

"ते का काढलंत?"

भांडारपालांनी बोटाने टेबलाची कड पुसली. "मला वाटलं, आता त्याचा तुला काय उपयोग."

"वाटलं," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारलंत, भाचीला विचारलंत. मला किती दिसतं, हे मलाच कधी विचारलं नाहीत."

"भीती वाटायची गं," ते म्हणाले. दोन वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

"मधलं गेलंय. कडेचं अजून दिसतं. सकाळी खिडकीशी बसता ना, तेव्हा तुमचा चेहरा दिसतो मला. अर्धा."

भांडारपालांनी खुर्ची तिच्याजवळ सरकवून विचारलं, "कुठला अर्धा?"

"डावा. दोन दिवस दाढी केली नाहीत तुम्ही. आणि ते पॅकेज घाला आधी."

भांडारपालांनी एका हाताने गाल चाचपला आणि दुसऱ्या हाताने 'चालेल' दाबलं.