पिंजूला पदर नाही

चैत्र सरत आला तशी पिंजूने जेवण सोडलं. मोरीतल्या ओल्या फरशीवर चारी पाय पसरून ती दिवसभर धापा टाकायची आणि सुमती शेजारी बसून तिला पंख्याने वारा घालायची. बदली होऊन गेलेल्या डॉक्टरीणबाईंनी हे पांढरं, झुबकेदार पॉमेरियन पिल्लू ऐन थंडीत सुमतीच्या ओटीत घातलं होतं. तेव्हा उन्हाळ्याचं कुणी बोललं नव्हतं. निजामपुऱ्यातल्या मागांवरून उडणारा कापूस आयता गोळा झाल्यासारखी ती दिसायची, म्हणून गल्लीनेच तिला पिंजू म्हणायला सुरुवात केली.

एक दिवस तर तिने पाणीही नाकारलं. "अशीच राहिली तर ही वैशाख काही काढत नाही," माधव म्हणाला. सुमतीचा हा नवरा नगरपालिकेत कारकून. प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे तोडगा असे. "आपल्याला गंजीफ्रॉक नकोसा होतो आणि हिच्या अंगावर ही एवढी लोकर. उद्या भादरूनच टाकू."

सुमतीला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

दुसऱ्या दिवशी चिंधू न्हावी येणारच होता. तो महिन्याच्या महिन्याला गोदूआत्याचं डोकं करायला यायचा. माधवची ही आत्या कोवळ्या वयात विधवा झाली, तेव्हापासून हे चाललेलं. ती मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून बसे. तेवढा वेळ घरातलं कुणी तिकडे बघत नसे आणि सुमतीला हमखास स्वयंपाकघरात काम निघे.

माधवने दारातूनच सांगितलं, "चिंधू, आत्याचं आटपलं की लगेच पिंजूचंही आटप." बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. पण तोवर उशीर झाला होता.

"मशीन हाय, साहेब," चिंधू म्हणाला. "पण चावली तर? आजीबाई कंदी चावल्या न्हाईत."

"हात लावू नकोस तिला."

हे आत्या बोलली. डोकं करताना ती बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. शिवाय पिंजूला ती एरवी 'ते ध्यान' म्हणायची आणि उंबरठ्याच्या आत येऊ द्यायची नाही.

"अगं आत्या, गार वाटेल तिला," माधव म्हणाला.

"मलाही हेच सांगितलं होतं." आत्याने तोंड भिंतीकडेच ठेवलं होतं. "गार वाटलं, नाही असं नाही. एक दिवस. मग विहिरीवर गेले तर डोक्यावर तापला तवा ठेवल्यासारखं झालं. साल निघाली. केस म्हणजे सावली असते रे माध्या, ती गेल्यावर कळतं. आणि मला निदान पदर होता. तिला काय आहे?"

चिंधूने वस्तरा पुसून पेटीत ठेवला.

आत्या उठली, आंघोळ करून आली आणि आपली ट्रंक उघडून बसली. तळातून तिने एक लाकडी फणी काढली आणि विटाळ नको म्हणून लांबूनच सुमतीच्या ओच्यात टाकली.

"माझ्या काही कामाची नाही ती. केसांनी उकडत नाही, गुंत्याने उकडतं. कंबरेपर्यंत होते माझे, मला माहीत आहे. भांग पाडत पाडत मुळापासून विंचर."

सुमतीने विंचरायला घेतलं आणि थक्क झाली. वरच्या लांब केसांखाली मऊ लवेची गादी जमून बसली होती. घरभर उडणारी जी पांढरी लव ती मागांचा कापूस समजून रोज झाडत होती, ती पिंजूचीच होती. पहिल्या दिवशी टोपलीभर निघाली. आत्या उंबरठ्यावर बसून मुकादमासारखी बघत होती. "शेपटीखाली राहिलंय. कानामागे बघ. ओढू नकोस, जीव आहे तो."

रोज विंचरणं, पोटाखाली ओला पंचा, उजाडायच्या आत टेमघरच्या वाटेने फेरी. आठवडा उलटायच्या आत पिंजूने दूधभाकर चाटून पुसून खाल्ली आणि सुमती परातीपाशी बसून रडली. मग तिने आत्यासाठी कैरीचं पन्हं केलं. त्या घरात आभार मानायची दुसरी रीत नव्हती.

"गूळ जास्त झालाय," आत्या म्हणाली आणि पेला रिकामा केला.

पुढच्या महिन्यात चिंधू आला, तेव्हा सुमती स्वयंपाकघरात गेली नाही. अंगणात येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, तुमचंही राहू दे ना."

आत्याने डोक्यावरून हात फिरवला. "मला सवय आहे गं. लोक काय म्हणतील?"

पिंजू सावलीत निवांत घोरत होती. आत्याने तिच्याकडे पाहिलं.

"बरं, पाऊस पडेपर्यंत राहू दे," ती म्हणाली. "ऊन फार आहे."

चिंधू चहा पिऊन गेला.

पाऊस पडला, तेव्हा आठवण कुणी काढली नाही. गणपतीपर्यंत आत्याच्या डोक्यावर बोटभर पांढरे केस आले. जुनी फणी पिंजूची झाली होती, म्हणून सुमतीने बाजारातून नवी आणली आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आत्यामागे बसली.

"आधी तिचं कर," आत्या म्हणाली. "माझं थांबेल. इतकं थांबलंच आहे."