शेवटून दुसरा फोटो

मी वाचल्याशिवाय काही पुढे ढकलत नाही, हे मी ग्रुपवर इतक्यांदा सांगितलंय की लोक मला त्यावरून चिडवतात. ग्रुपचं नाव 'वाचलं का?'. रोज सकाळी चहा घेताना मी त्यावर दोन-तीन लिंका टाकते. कुठे समुद्रातून वर काढलेली जुनी घंटा, कुठे म्हाताऱ्या बायकांनी चालवलेला बँड, कुठे नुसत्या दाराच्या कड्याकुलपांचं म्युझियम. सुप्रभातची फुलं नाहीत, देवाचे फोटो नाहीत. माझ्या चुलतदिराने एकदा कसल्याशा पाल्याने मधुमेह पळतो असं टाकलं होतं, त्याला मी सगळ्यांसमोर झापलं. मी कॉलेजच्या लायब्ररीत आहे. लोकांना वाचायला लावणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि राग माझ्या नाकावर असतो. ग्रुपवर अख्खं माहेर आहे, सासर आहे, कॉलेजची माणसं आहेत, शेजारीपाजारी आहेत.

त्या रविवारी मात्र मी घाईत होते. धाकट्या बहिणीचं, सुकन्याचं लग्न आठवड्यावर आलेलं. पत्रिका वाटून झालेल्या, कार्यालय ठरलेलं, आईने आल्यागेल्याला सांगून सांगून घसा बसवून घेतलेला. सुकन्या चौतिशीची. एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. वडील गेल्यावर घर तिनेच ओढलं. स्थळं यायची, वय ऐकलं की 'कळवतो' म्हणून जायची, ती जायचीच. संक्रांतीनंतर माझ्या नवऱ्याने, अभिमन्यूने, बार्शीचं स्थळ आणलं. सोमेश नाव. हार्डवेअरचं दुकान, घरचं बरं, बोलायला मऊ. ह्यांचा ठिबकच्या पायपांचा धंदा, माढा-बार्शी भागात कायम फिरणं, त्यात ओळख झालेली. "पोरगं माझ्या बघण्यातलं हाय," एवढं हे म्हणाले आणि आम्ही गप्प बसलो. घरच्या जावयाने आणलेल्या स्थळाची आणि कसली चौकशी करायची?

लिंक मोठी झकास होती. एका मुलीने गावोगाव हिंडून चौकातल्या फ्लेक्सचे फोटो काढले होते आणि त्यावर जीव लावून लिहिलं होतं. बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. तिसऱ्या खेपेला बारावी पास झालेल्याचं अभिनंदन, तेही फेट्यासकट. आणि प्रत्येकाच्या खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग, पासपोर्टच्या फोटोएवढी. मी पाच-सहा बघून पोट धरून हसले, वर लिहिलं, 'शेवटपर्यंत बघा, मजा आहे', आणि टाकून दिली. स्वतः शेवटपर्यंत काही बघितली नाही. ब्लाऊज आणायचे होते.

सोलापुरात बाळीवेशीत आमच्या माहेरासमोर नबीलालभाईंचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. सुकन्याच्या साखरपुड्याचा फ्लेक्सही त्यांनीच छापलेला. मी काही टाकलं की पहिला अंगठा त्यांचा. त्या दिवशी अंगठा आला नाही, फोन आला.

"ताई, ग्रुपवरनं ते आधी काढा. मग बघा."

"काय काढू?"

"ती फ्लेक्सची लिंक. काढा की आधी. शेवटून दुसरा फोटो हाय. मी कुणाला बोलणार न्हाय." आणि ठेवून दिला त्यांनी फोन.

काही न कळता मी ती सगळ्यांसाठी डिलीट केली. मग ते पान परत उघडून खाली खाली गेले. बार्शीतला कुठलासा चौक, दिव्याच्या खांबामागे बांधलेला फ्लेक्स. मधोमध गॉगल लावलेला सोमेश. त्याला खेटून हिरव्या साडीतली एक बाई, गळ्यात मंगळसूत्र. दोघांच्या मधे कागदी मुकुट घातलेलं एक बाळ. वर 'प्रथम वाढदिवसानिमित्त', पुढचं नाव खांबाआड गेलेलं. खाली ठळक अक्षरात 'लाडके मम्मी-पप्पा'. फोटोखाली त्या मुलीने महिनाही लिहिला होता. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. म्हणजे आमच्याकडे कांदेपोहे खायला यायच्या दोन महिने आधी ह्या माणसाने बाळाचा वाढदिवस केला होता.

मी तिथेच बसले, स्वयंपाकघरात फरशीवर. पहिल्यांदा वाटलं, भाऊ असेल. मग वाटलं, जुळा असेल. माणसाचं डोकं अशा वेळी काहीही शोधतं. साखरपुड्यात मी स्वतः ह्या चेहऱ्याला पेढा भरवला होता.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सुकन्या. रिक्षातून आली होती, पायात घरातल्या चपला. मी काय बोलू, कुठून सुरू करू, असं करत होते, तर तीच म्हणाली, "ताई, तू काढलंस, पण मी आधीच उघडलं होतं."

तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. त्याचीच मला भीती वाटली. तिला आत घेतलं, पाणी दिलं, ते तिने प्यायलं नाही. म्हणाली, "दाजी कुठायत?"

"आंघोळीला गेलेत. थांब, येऊ दे बाहेर. त्या सोमेशची तंगडी तोडायला लावते बघ ह्यांना. ह्यांनाही फसवलं की गं मेल्याने."

सुकन्याने मोबाईल काढला, तोच फोटो दोन बोटांनी मोठा केला, खाली सरकवला आणि माझ्या हातात दिला. शुभेच्छुकांची रांग. डावीकडून तिसरा चेहरा माझ्या नवऱ्याचा. खाली छापलं होतं, 'मा. अभिमन्यूशेठ, सोलापूर'.

हे टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. सुकन्याला बघून हसले. मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला. बघितलं, परत डोकं पुसलं, आणि म्हणाले, "हां. आता फ्लेक्सवर कुणाचाबी फोटो लावत्यात. विचारतंय कोण? परवा त्या सिद्धारामचा लावला, तो तर दुबईत हाय."

खरं सांगते, मला ते पटायला हवं होतं. आणि खोटंही नव्हतं त्यात काही. आपल्याकडे लावतात तसे फोटो, मी बघितलंय. सुकन्याकडे वळून मी म्हणणारच होते, बघ, ह्यांना माहीत नव्हतं. पण राग माझा अजून सोमेशवर उकळत होता, म्हणून ओरडले, "आणि एक वर्षाचं पोरगं घरात ठेवून हा माणूस आमच्या दारात येतो?"

"पोरगं न्हाय, पोरगी हाय," हे म्हणाले.

एखाद्या गिऱ्हाईकाने पायपाचा भाव चुकीचा सांगितला की सुधारतात तसं. बोलले आणि टॉवेल हातातच राहिला.

सुकन्या हळूच म्हणाली, "म्हणजे वाढदिवसाला जेवायला होतात तुम्ही."

मग ते खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता माफी मागतील, काही कारण सांगतील, रडतीलसुद्धा. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला स्वतःच्या घरात परकं वाटायला लागलं. म्हणाले, "तो सोडणारच हाय तिला. बोलणी चाललीत. कागद झाले की झालं. चौतिसाव्या वर्षी कोरं स्थळ कुठनं आणू मी? तुमच्या आईला रात्रीची झोप नव्हती. मी तुमचं भलंच बघितलं की."

भलं. आवाजात जरासुद्धा लाज नाही. वीस वर्षं ह्या माणसाच्या ताटात मी गरम भाकरी वाढली आणि माझ्या बहिणीची किंमत ह्याच्या लेखी एवढी होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

माझा मोबाईल एकसारखा टिंगटिंग वाजत होता. ग्रुपवर विचारणा सुरू झाली होती. ताई, काय डिलीट केलंत? शुभदा, चुकून काही गेलं का? मावशीचा हसरा चेहरा, वर प्रश्नचिन्ह.

"हे बघा," हे म्हणाले, आता जरा धीर आल्यासारखे, "मोडायचं तर मोडू. पण बोभाटा नको. सुकन्याला नोकरी सोडायची न्हवती, त्यावरनं फिसकटलं म्हणू. सोमेशला मी सांगतो, तो बी हेच सांगंल. चार दिवस बोलतील लोक, मग इसरतील."

"माझ्यावरनं मोडलं म्हणायचं," सुकन्या म्हणाली.

"तसं न्हाय गं."

"तसंच आहे, दाजी." मग माझ्याकडे बघितलं. "ताई, ती लिंक परत टाक."

हे उठले. "शुभदा, त्यात माझा फोटो हाय. तुझं कॉलेज हाय ग्रुपात, माझी आई हाय. उद्या धंद्याला कुठल्या तोंडानं जाऊ? आपल्या घरचं हाय हे."

मी सुकन्याकडे बघितलं. घरातल्या चपला तशाच पायात, हात मांडीवर घट्ट धरलेले. आज मी गप्प बसले तर आठवड्यात सगळं सोलापूर म्हणणार, पोरीतच काहीतरी असेल, नाहीतर एवढ्या वयाची, मिळालेलं स्थळ कोण सोडतं? मग तिच्या दारात परत कुणी येणार नाही. आणि बार्शीतली ती हिरव्या साडीतली बाई, तिला तरी कुणी सांगितलं असेल का, की तिच्या नवऱ्याच्या लग्नाच्या पत्रिका छापून झाल्यात? भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. सासूबाईंचा चेहरा आठवला. सोमवारी लायब्ररीत कोण काय बोलेल तेही आठवलं.

"शुभदा," हे परत म्हणाले.

मी ग्रुप उघडला. लिंक टाकली. खाली सावकाश लिहिलं:

'शेवटून दुसरा फोटो बघा. मधोमध आहे तो सुकन्याचा ठरलेला नवरा, शेजारी त्याची बायको आणि मुलगी. लग्न आम्ही मोडलं आहे. खालच्या रांगेत डावीकडून तिसरा, ज्याला हे सगळं माहीत होतं, तो माझा नवरा.'