कॉम्प्युटरला घातलेलं गाऱ्हाणं

"व्हय म्हाराजा!"

चिपळूणच्या त्या शाळेची कॉम्प्युटर लॅब दणाणली. केरूबुवांनी मॉनिटरपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं रेटलं, "या मशीनीवर कुणाची वाकडी नजर असेल, तर ती समुद्रात बुडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले व्यापारी पुन्हा गरजले.

बुवांचा भाचा सुजय कॉम्प्युटर क्लास चालवायचा. त्याने बटण दाबलं. वाशिष्ठीचं पाणी बाजारात कधी शिरेल हे सांगणारा, अकरावीतल्या सानिकाचा प्रोग्राम एरवी पाऊण तास रखडायचा. आज उत्तर क्षणात हजर!

टाळ्याच टाळ्या. बुवांनी मिशीला पीळ भरला. "हार्डडिस्कमध्ये वेताळ बसला होता. दर महिन्याला एक गाऱ्हाणं घाला, मग बघा!"

सानिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. मागच्या पुरात पाणी अर्ध्या तासात चढलं होतं. प्रोग्राम वापरायचा की नाही, हे व्यापारी आज ठरवणार होते. आणि भरवसा ठेवणार नारळावर? प्रोग्राम का रखडतो, याची खरी मेख तिला कालच सापडली होती, पण या गजरात तिला बोलू कोण देणार! मग तिने आवाज चढवला.

"सुजयदादा, तुम्ही पावसाचे आणि नदीच्या पातळीचे कालचेच आकडे टाकलेत. तेच आकडे आले की प्रोग्राम साठवलेलं उत्तर दाखवतो. ती सोय मीच केलीय. आता एक आकडा बदला!"

"देवाची परीक्षा बघतेस काय गो?" बुवा खेकसले.

"देवाची नाही, तुमची!"

लॅब सांभाळणाऱ्या दर्शना मॅडमनी हसू दाबत स्वतःच आकडा बदलला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंय.

"कुणाची तरी श्रद्धा कमी पडतेय," बुवा पुटपुटले.

कापडवाल्या मालनकाकी उसळल्या, "श्रद्धा ठेवा बाजूला! कालच्या पाण्याचं उत्तर घेऊन मी आजच्या साड्या वाचवू कशा?"

सानिकाने प्रोग्राम थांबवला. "काकी, वेताळबिताळ काही नाही, कुलूप आहे. मी एक तयार लायब्ररी वापरलीय, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड. ती प्रत्येक आकडा वाचताना कुलूप लावते आणि काढते. एकाच वेळी अनेक कामं त्या आकड्यांना हात घालणार असतील, तर ते हवंच. पण इथे काम करणारा एकटाच! घरात एकट्या असताना तुम्ही तांदळाच्या दाण्यादाण्याला डब्याचं कुलूप काढाल-लावाल?"

"तसा भात दिवाळीला शिजेल गो बाय!"

सानिकाने त्याच लायब्ररीतला बिनकुलपाचा प्रकार जोडला. दोन ओळींचा बदल. सहा मिनिटांत उत्तर आलं, तेही नव्या आकड्याचं.

बुवा नारळ काखेत मारून सटकू लागले.

"नारळ ठेवा हो," मालनकाकी ओरडल्या, "आमटीला होईल!"

आणि तुम्हीही लक्षात ठेवा. कुणी चमत्कार दाखवून 'व्हय म्हाराजा' म्हणायला लावलं, तर लगेच म्हणू नका. आधी एक आकडा बदलून बघा!